संपतरावांचं समदं कुटुंब

विद्यापीठाची तपासणी समिती बुधवारी येणार असा निरोप आला आणि डोंगरकडा गावच्या शिकवणी दवाखान्यात धावपळ उडाली. भिंतींना चुना लागला, पंख्यांवरची जळमटं निघाली, स्वागतासाठी झेंडूचे हार सांगून झाले. या सगळ्या गडबडीत डॉक्टर शिवहार एक गोष्ट साफ विसरला. बुधवारी त्यानं संपतराव नावाच्या रोग्यालाही बोलावून ठेवलं होतं.

हा दवाखाना एका वैद्यकीय महाविद्यालयाचा. इथं रोगी तपासले जात आणि तपासता तपासता नवे डॉक्टर घडवले जात. विषय होता कुटुंब वैद्यक, आणि तो शिकवायला डॉ. सुकन्या देशमाने होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. शिवहार त्यांच्या हाताखाली शिकणारा तरुण डॉक्टर. मॅडमबद्दल त्याला जे वाटे त्याला आदर म्हणणं थोडं होतं. देवळात शिरताना माणूस नकळत चपला काढतो, तसा तो मॅडमच्या खोलीत शिरताना नकळत आवाज काढून ठेवी.

त्याला कारणही तसंच होतं. तांड्यावरची पारुबाई खोकून खोकून बेजार होऊन आली, तेव्हा शिवहारनं छातीला नळी लावली, पाठ ठोकली, क्षयाची शंका घेतली. मॅडम नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पारुबाई, भुवया कशानं करपल्या?" बाई लाजली. म्हणाली, "चूल फुकताना, माय." खिडकी नसलेल्या कोपऱ्यातली चूल दाराशी आली आणि खोकला निम्म्यावर आला. शिवहारनं त्या भुवया बघितल्याच नव्हत्या. होत्या तर त्याच्याही डोळ्यांसमोरच.

"रोगी एकटा कधीच येत नाही," मॅडम वर्गात सांगत. "त्याच्या मागं त्याचं घर उभं असतं. आपल्याला ते दिसत नाही, एवढंच."

संपतरावांच्या बाबतीत मात्र ते घर कुणालाच दिसत नव्हतं. संपतराव मेंढरंवाले, सोबत थोड्या शेळ्याही. वस्ती डोंगरकड्याच्या पुढच्या माळावर. त्यांना ताप येई, जाई, पुन्हा येई. संध्याकाळी अंग घामानं निथळे, कंबर धरे. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, विषमज्वराच्या झाल्या, थुंकी तपासून झाली. हाती काही लागेना. उंचापुरा माणूस वाळून काठीसारखा झाला. त्यात वस्तीवर कुणीतरी टीबी हा शब्द काढला. तेव्हापासून भावजयीनं त्यांचं ताट वेगळं मांडलं आणि ती पुतण्या-पुतणींना त्यांच्या मांडीवर बसू देईना. संपतराव याबद्दल कुणाला एक अक्षर बोलले नाहीत. फक्त मेंढरं भावाच्या हवाली करून आपण आता बसून राहावं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"घरच्यांना बघायला हवं," मॅडम शिवहारला म्हणाल्या. "कुटुंबाला बोलावून घ्या."

शिवहारनं तसं सांगितलं. संपतराव पुढच्या वेळी बायकोला घेऊन हजर झाले. अनुसयाबाई डोक्यावरचा पदर सावरत बाकावर बसल्या.

"हे हो काय? बाकीचे?" शिवहारनं विचारलं.

"तुमीच म्हनले ना, कुटुंबाला आना. हे काय, आनलं."

"अहो, कुटुंब म्हणजे नुसती बायको नव्हे! तुमच्या जिवावर जगणारे, तुम्ही रात्रंदिवस ज्यांच्यात असता, ते सगळे."

संपतराव विचारात पडले. "समदे?"

"समदे."

"म्हाताऱ्या हायेत काही. चालवत न्हाई त्याहीला."

"त्यांना तर आणाच."

"अन् पिल्लं?"

लेकरांना पिल्लं म्हणणारा हा मायाळू माणूस बघून शिवहारला भरून आलं. "पिल्लांना आधी आणा," तो म्हणाला.

"एक लंगडी हाये."

"उचलून आणा, पण आणा. कुणी मागं राहायला नको."

"बराबर," संपतराव म्हणाले. बाहेर पडताना ते अनुसयाबाईंना हळूच म्हणाले, "डाक्टर लई मोठा माणूस दिसतो गं. हे कोनीच इचारलं न्हवतं आजवर."

बुधवारी समितीचे प्रमुख डॉ. व्यंकटराव आले. जाड भिंगाचा चष्मा, बोलणं तुटक. त्यांनी खोल्या पाहिल्या, फळा पाहिला, खुर्च्यांकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "हे कुटुंब वैद्यक म्हणजे नेमकं वेगळं काय करता तुम्ही? औषध तर रोग्यालाच देता ना? एवढ्यासाठी वेगळा दवाखाना कशाला? महाविद्यालयातच एक खोली देऊ."

मॅडम काही बोलणार, तेवढ्यात बाहेरून आवाज आला. आधी एक बें. मग दुसरा. मग मोजण्यापलीकडचे.

फाटकावरच्या दगडोबानं आडवी काठी धरली होती. "आरं, कुठं घुसून राहिलास ही जित्राबं घेऊन?"

"डाक्टरनीच बोलावलंय," संपतराव शांतपणे म्हणाले. त्यांच्या खांद्यावर लंगडी मेंढी होती आणि अनुसयाबाईंच्या दोन्ही काखांत एकेक कोकरू. "म्हनले, कुनी मागं राहू नगं. पिल्लं तं आधी म्हनले."

दगडोबा हे पटवून घेईपर्यंत पुढची मेंढी काठीखालून आत गेली. आणि मेंढरांचं असं असतं की पहिली गेली म्हणजे विचार करायचं काम संपलं. माळावरून आलेला तो पांढरा-काळा लोंढा पायऱ्या चढून सरळ प्रतीक्षालयात शिरला. बाकावरचे रोगी बाकावर उभे राहिले. हारांची टोपली एका बोकडानं बसल्या जागी फस्त केली. एका शेळीनं लसीकरणाचा तक्ता खालून खायला सुरुवात केली आणि ती गोवरापर्यंत पोचली.

शिवहार धावला. आणखी शिरू नयेत म्हणून त्यानं पुढचं दार लावलं. त्यामुळं अर्धा कळप आत आणि अर्धा बाहेर राहिला. आतल्या आयांनी बाहेरच्या कोकरांना हाका मारल्या, बाहेरच्यांनी ओ दिली. कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. मग त्यानं आतल्यांना बाहेर काढावं म्हणून मागचं दार उघडलं. ते दार वर्गात उघडत होतं.

वर्गात विद्यार्थी बाकांवर चढले. तपासणीच्या टेबलावर एक शिंगाळा बोकड उभा राहून सगळ्यांकडे प्राध्यापकासारखा बघू लागला. आणि डॉ. व्यंकटराव? ते मॅडमच्या मेजावर मांडी घालून बसले होते. त्यांचा एक बूट खाली राहिला होता आणि एक म्हातारी मेंढी त्याची नाडी निवांत चघळत होती.

"हाकला त्यांना! ओ मेंढरंवाले, हाकला!" शिवहार ओरडला.

हाकलायची तर आधी समदी गोळा व्हायला हवीत, म्हणून संपतरावांनी जिभेनं टाळूवर टक् टक् केलं. ती त्यांची बोलावण्याची खूण होती, हे शिवहारला लगेच कळलं. बाहेरचा अर्धा कळपही दार ढकलून आत आला.

शिवहारला वाटलं, झालं. दवाखाना गेला, विषय गेला, आपण गेलो. त्यानं घाबरत मॅडमकडे पाहिलं.

मॅडमनी एक कोकरू उचलून मांडीवर घेतलं होतं. दुसऱ्या हातानं त्यांनी संपतरावांना समोरचं स्टूल दाखवलं.

"बसा. ही सगळी तुमची?"

"व्हय जी. समदं कुटुंब. धाकल्या डाक्टरसाहेबाहीनं सांगितलं तसं." संपतरावांच्या चेहऱ्यावर आज्ञा पाळल्याचं समाधान होतं. "काही चुकलं का?"

"काहीच चुकलं नाही," मॅडम म्हणाल्या. "ओळख करून द्या."

हसावं की रडावं ते शिवहारला कळेना. पण मॅडम हसत नव्हत्या. माणसाच्या आई-बापाबद्दल विचारावं तसं त्या विचारू लागल्या. ही किती वर्षांची, तिला काय होतं, ती अशी का बसते. आणि संपतराव, ज्यांच्या तोंडून तीन महिन्यांत दुखण्याबद्दल हो-नाहीपलीकडे शब्द निघाला नव्हता, ते बोलायला लागले. हळूहळू वर्ग शांत झाला. मेंढरंसुद्धा धन्याचा आवाज ऐकून जागच्या जागी बसली.

"ही भुरी. लई गुणाची. पर यंदा गाभडली, पोटातलं गेलं तिचं. ती काळी बी गाभडली. खिडकीपाशी हायेत त्या दोघी बी."

मॅडमचा कोकरावरून फिरणारा हात थांबला.

"सगळ्या यंदाच?"

"व्हय. मागच्या थंडीपासून."

"आणि विताना अडली तर सोडवतं कोण?"

"म्याच की. हात घालून काढावं लागतं. दुसरं कोन करील?"

"ताप कधीपासून?"

संपतरावांनी अनुसयाबाईंकडे पाहिलं. "थंडीपासूनच," अनुसयाबाई म्हणाल्या.

"दूध कसं पितात?"

"कच्चंच. धार काढली की तांब्या तोंडाला. ताप धरल्यापासून म्या तं ज्यादाच पाजून राहिले, जरा ताकद यावी म्हनून." मग आवाज बारीक करून त्यांनी जोडलं, "म्या बी घेते घोटभर. माही बी कंबर धरून राहिली आता."

इतके दिवस सगळे डॉक्टर संपतरावांच्या रक्तात, थुंकीत, छातीत ताप शोधत होते, आणि तो माळावरून चार पायांनी चालत आला होता. गाभडलेल्या शेळ्यामेंढ्यांकडून, त्यांच्या कच्च्या दुधातून माणसाला होणाऱ्या या तापावर पुस्तकात एक परिच्छेद होता. शिवहारनं तो पाठही केला होता. पण परीक्षेत उत्तर लिहिताना त्याला भुरी दिसली नव्हती.

"शिवहार," मॅडम म्हणाल्या, "दोघांचं रक्त घ्या. महाविद्यालयात पाठवताना वर या तापाचं नाव लिहा."

मेजावरून डॉ. व्यंकटराव खाली उतरले. एका पायात बूट नव्हता, त्याचं त्यांना भान नव्हतं. ते संपतरावांजवळ गेले, मग भुरीजवळ वाकले. "आयुष्यभर शिकवला हा ताप," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आज भेटला."

रक्तात तोच ताप निघाला. गोळ्या लांबलचक चालल्या, नवरा-बायको दोघांच्याही. दूध उकळायचं, मेंढी सोडवताना हातात मोजे घालायचे, हे मॅडमनी वस्तीवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. संपतरावांच्या भावजयीला त्यांनी जवळ बसवून म्हटलं, "हा टीबी नाही. यांच्यासोबत जेवल्यानं काही होत नाही." आणि स्वतः संपतरावांच्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली. शिवहार शेजारी होता. संपतरावांनी तोंड फिरवून मेंढरं मोजायचं नाटक केलं, तेही त्यानं पाहिलं. आता त्याला अशा गोष्टी दिसू लागल्या होत्या.

समितीचा अहवाल चांगला आला. दवाखाना होता तिथंच राहिला. शेवटी फक्त एक सूचना होती: जनावरांसाठी वेगळं दार असावं.

त्याची गरज लगेच पडली. बातमी औंढ्यापासून सेनगावपर्यंत गेली होती की डोंगरकड्याच्या मॅडम ढोर बघून माणसाचा आजार सांगतात. लोक गायी, गोऱ्हे, कोंबड्या घेऊन येऊ लागले. मॅडमनी गुरांचे डॉक्टर तातेराव यांना विनंती करून दर बुधवारी दवाखान्यासमोरच्या कडुलिंबाखाली बसवलं.

एके दिवशी तांड्यावरचा हिरासिंग म्हैस घेऊन आला. "मला काही न्हाई," तो शिवहारला म्हणाला. "हिलाच बघा. दूध आटलं."

शिवहारनं त्याला लिंबाखाली पाठवलं. थोड्या वेळानं डॉक्टर तातेराव स्वतःच हिरासिंगचा हात धरून आत आले.

"मॅडम, म्हैस ठणठणीत आहे," ते म्हणाले. "धनी दिवसभर पाणी पितो, धार काढता काढता झोपतो, म्हणून तिचं दूध आटलंय. अन् त्याच्या पायाला जखम आहे, महिना झाला भरत नाही. हा तुमचा रोगी."

रक्तातली साखर भलतीच वाढलेली निघाली. आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी न चढलेला हिरासिंग घाबरून म्हणाला, "पर म्या तं म्हशीला आनलं व्हतं, मॅडम."

"नाही, हिरासिंगभाऊ," मॅडम म्हणाल्या. "म्हशीनं तुम्हाला आणलं."

हिरासिंगनं खिडकीतून बाहेर पाहिलं. लिंबाखाली म्हैस डोळे मिटून रवंथ करत उभी होती. मग त्यानं मॅडमच्या हातातली गोळ्यांची पुडी घेतली, कपाळाला लावली आणि अगदी मनापासून विचारलं,

"अन् मॅडम, ह्या मी घ्याच्या, का तिनं?"