फॅटमहाराजांचा सजीव देखावा

रणझुंजार तालमीच्या गणपतीपुढच्या सजीव देखाव्यासाठी एक म्हैस, दहा भक्त आणि एक भोंदू महाराज लागणार होते. जोतीरामनं तसा रीतसर अर्ज पोलीस ठाण्यात दिला. म्हशीची परवानगी त्याच दिवशी मिळाली.

जोतीराम दूध संस्थेत फॅट काढायचा, म्हणजे दर ठरवायला दुधातला स्निग्धांश मोजायचा. वीस वर्षं लोकांच्या दुधातलं पाणी बघून त्याला माणसं कळायला लागली होती, आणि त्यातूनच त्यानं फॅटमहाराज नावाचं पात्र रचलं. महाराज किटलीत पायाचा अंगठा बुडवतात आणि दुधाची फॅट सहावरून नवावर जाते, एवढीच गोष्ट. शेवटी एक म्हातारा गवळी म्हणतो, "फॅट म्हशीच्या पोटातनं येती, महाराजांच्या अंगठ्यातनं न्हवं." या एका वाक्यासाठी जोतीरामनं सगळा देखावा लिहिला होता. ते गेलं तर मागे नुसतं शेण उरणार, हे तो सगळ्यांना सांगून बसला होता.

अर्ज दिल्यापासून चौथ्या दिवशी ठाण्यात तीन तक्रारी आल्या. एक डोंगरावरच्या महाराजांची, एक मळ्यातल्या महाराजांची आणि एक मोबाईलवरून आशीर्वाद देणाऱ्या महाराजांची. तिघांचं म्हणणं एकच, की देखाव्यातला तो भोंदू म्हणजे आपणच.

इन्स्पेक्टर उदयसिंह नियमाला पक्के. एका पात्रावरून तीन तक्रारी घेता येत नाहीत, असं त्यांचं मत पडलं. सबब, सदर भोंदू आपणच असल्याचं ज्यानं त्यानं कागदोपत्री सिद्ध करावं, असं त्यांनी तिघांना लेखी कळवलं.

मग काय विचारता! डोंगरावरच्या महाराजांनी किटलीत अंगठा बुडवतानाचे रंगीत फोटो आणले, तेही साक्षांकित करून. मळ्यातल्यांनी त्यांना नवशिके ठरवलं, आणि आपण १९९८ पासून दोन्ही अंगठे बुडवतो, असं प्रतिज्ञापत्र दिलं. तिसऱ्यांनी व्हिडिओ कॉल लावून ठाण्याच्या चहातल्या दुधाची फॅट जागच्या जागी वाढवून दाखवली. चहा नेहमीइतकाच पाणचट होता, पण हवालदारानं पंचनाम्यात 'दाट' असं लिहिलं.

"माझ्याएवढं खोटं ह्या जिल्ह्यात कोण करतंय, दाखवा की," डोंगरावरचे महाराज गरजले. शिष्यांनी त्यांचा जयजयकार केला.

ठाण्यात बोलावून घेतलेल्या जोतीरामला हसू आवरेना. तेवढ्यात उदयसिंहांनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि त्याचं हसू पळालं. ठाण्यात खुर्ची मिळणं काही चांगलं लक्षण नव्हे.

"तिघांचंबी पुरावं भक्कम हायत," उदयसिंह म्हणाले. "म्हंजे तुझ्यावर तीन गुन्हं. न्हायतर महाराज काढ."

"सायेब, महाराज काढल्यावर देखाव्यात ऱ्हातंय काय?"

"भक्त हायत की. त्यांची फजिती पोटभर दाव. भक्त महाराजांसाठी भांडतोय. सोताला येडं म्हटल्याची तक्रार अजून एकानंबी दिल्याली न्हाय."

जोतीराम त्या एका वाक्यासाठी हातापाया पडला. अखेर तडजोड निघाली. वाक्य ठेवावं, पण ते म्हशीनं म्हणावं, कारण म्हशीवर गुन्हा दाखल करायची कायद्यात तरतूद नाही. तसा शिक्क्याचा कागद मिळाला.

देखाव्याला तुफान गर्दी झाली. महाराजांच्या रिकाम्या पाटापुढे दहा भक्त किटल्या घेऊन लोळण घेत, आणि लोक पोट धरधरून हसत. म्हशीनं मात्र आपलं वाक्य एकदाही म्हटलं नाही. तिचंही दूध त्याच संस्थेत जात होतं, वाढीव फॅट तिलाही हवीच होती.

हसून झाल्यावर जो तो पाटाला हात लावून पुढे सरके. जोतीरामची बायको शालूबाई तर घरची किटली घेऊन आली आणि तिनं ती नवऱ्यासमोर पाटाला टेकवली. "असूंदे, काय जातंय आपलं," ती म्हणाली. जोतीरामच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. त्यानं म्हशीकडे पाहिलं आणि गिळून टाकलं.

दहा दिवसांत भावना दुखावल्याची एकही तक्रार आली नाही. लोळणारा तो येडा म्हणजे आपला शेजारी, हे प्रत्येक हसणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. तुम्हालाही आत्ता तुमचा शेजारी आठवला असेल. तोही हीच गोष्ट वाचतोय, आणि त्याला तुम्ही आठवलाय.