शंभर टक्के घट

धूर कमी करणाऱ्या प्रकल्पांत गुंतवायला परदेशात भरपूर पैसा पडून आहे, परंतु तो घेण्याची क्षमता आपल्या देशात नाही, असे एका समितीच्या ध्यानात आले. पैसा घेण्याच्या बाबतीत आपण मागे असू, अशी शंका आजवर कोणालाच आली नव्हती. त्यामुळे हा निष्कर्ष वरपर्यंत फार मनाला लागला. बेलापूरला एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर 'उत्सर्जन-घट गुंतवणूक क्षमता-बांधणी कक्ष' उघडला गेला आणि अंकुश गमरे तिथे वरिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाला.

दोन वर्षांत अंकुशची एकवीस वेळा क्षमता बांधण्यात आली. प्रशिक्षणांचे वाशीच्या एका हॉटेलातले सभागृह इतके गार असे, की तापमानवाढीवरची भाषणे लोक शाल पांघरून ऐकत. एवढ्यात वरून फोन आला: तीन महिन्यांनी परदेशी गुंतवणूकदार येत आहेत, त्यांना एखादा प्रकल्प दाखवा.

"गमरे, आपल्याकडे प्रकल्प आहे का?" कक्षप्रमुख उदयसिंह साहेबांनी विचारले.

"नाही सर. आपण अजून क्षमताच बांधतोय."

"मग शोधा एखादा. जवळपासच बघा, गाडीला डिझेल नाही."

अंकुश बोनकोड्याला राहायचा. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी खलील मुकादमची बेकरी होती आणि तिच्याच वर त्याचे घर. खलील मूळचा म्हसळ्याचा. बापापासून लाकडाची भट्टी चालत आलेली. पण बायकोला, फातिमाला, दमा जडला आणि डॉक्टर दर खेपेला एकच विचारू लागले, 'घरात धूर कुठला?' तेव्हा खलीलने गावची आमराई विकली आणि विजेची भट्टी आणली. वर्षभरात फातिमा न थांबता जिना चढू लागली. आता खलीलला दुसरी भट्टी हवी होती, आणि त्यासाठी तो बँकेत चपला झिजवत होता. अंकुशला वाटले, प्रकल्प म्हणतात तो हाच. त्याने त्याच दिवशी टिपण लिहिले. नोकरीत इतक्या आनंदाने त्याने काहीच लिहिले नव्हते.

उदयसिंहांनी टिपण दोनदा वाचले. "भट्टी यानं स्वतःच बदलली?"

"हो सर. स्वतःच्या पैशानं."

"पण सांगितलं कोणी होतं त्याला?" साहेब कळवळून म्हणाले. "गमरे, एकवीस प्रशिक्षणांत काय शिकलात? गुंतवणुकीमुळे धूर कमी झाला तर ती घट. आपोआप कमी झाला तर ती नुसती चांगली वागणूक. चांगल्या वागणुकीला परदेशात गिऱ्हाईक नाही."

साहेब विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "जुनी भट्टी पाडलीय का?"

"नाही. मागं आहे तशीच."

"मग पेटवू द्या! साठ दिवस धूर मोजायचा. ती झाली आपली आधाररेषा. मग पाहुण्यांचा पैसा, नवी भट्टी आणि धूर बंद. घट सिद्ध."

संध्याकाळी अंकुश बेकरीच्या फळीपाशी उभा राहिला आणि जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत त्याने हे सांगितले.

"म्हणजे साहेब," खलील म्हणाला, "धूर बंद करायला पैसे पायजे, तर आदी धूर करायचा?"

"कागदात तसंच बसतंय, खलीलभाई. दोन महिन्यांचा प्रश्न हाय. दुसरी भट्टी फुकटात मिळेल."

आतून फातिमा आली. "गमरेभाऊ, तुमच्या कागदाला दमा होत नाय काय?"

पण दुसऱ्या भट्टीचा मोह मोठा होता. खलीलने फातिमाला म्हसळ्याला भावाकडे पाठवले, विजेची भट्टी बंद केली आणि लाकूड रचले.

पहिल्या आठवड्याचे आकडे पाहून साहेब नाराज झाले. खलील सुकी लाकडे वापरत होता, धूर जेमतेम. "आधाररेषा अशक्त आहे," ते म्हणाले. "तिला जरा खाऊपिऊ घाला." अंकुशने नजर चुकवत निरोप पोचवला. मग भट्टीत ओली लाकडे गेली, मोडक्या इमारतींची रंग दिलेली दारे गेली. गल्लीतल्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे काळे पडले. अंकुशची स्वतःची पोरगी, मैत्री, खोकू लागली. आधाररेषा मात्र चांगलीच बाळसे धरत होती.

एकेचाळिसाव्या दिवशी कोणाच्या तरी तक्रारीवरून प्रदूषण मंडळाचे तपासणी पथक आले. अंकुश कार्यालयातून धावत आला आणि त्याने प्रकल्पाच्या मंजुरीचे पत्र पुढे केले.

"हा धूर कमी करण्याचा प्रकल्प आहे."

"मग हा धूर कसला?" पथकाच्या अधिकाऱ्याने विचारले.

"ती आधाररेषा आहे."

"आधाररेषा आमच्या नियमांत नाही. धूर आहे."

परवाना एकच असल्यामुळे विजेच्या भट्टीसकट सबंध बेकरीला सील लागले. खलील रस्त्यावर उभा राहून पाहत होता. पिठाचे हात पुसायलाही त्याला आत जाता आले नाही.

अंकुश तडक साहेबांच्या खोलीत शिरला. "सर, त्या पथकाला एक पत्र द्या. आपल्या सांगण्यावरून पेटवली होती त्यानं."

साहेब आलेख पाहत होते. रेषा चढत चढत एकेचाळिसाव्या दिवसापर्यंत जात होती आणि तिथून सरळ तळाला येत होती. "गमरे," ते भारावून म्हणाले, "शंभर टक्के!"

"सर, बेकरी बंद झालीय."

"उघडून विजेवर चालवली तर किती टक्के घट?"

"साठ-सत्तर. वीज कोळशावरच होते ना."

"मग उघडायची कशाला?"

पाहुणे आले. सील लागलेल्या दारासमोर त्यांनी फोटो काढले. त्यांतल्या एकीने विचारले, की आता लोक पाव कुठून आणतात? अंकुशने खरे सांगितले, की भिवंडीकडून डिझेलच्या टेम्पोतून येतो. साहेबांनी ताबडतोब खुलासा केला, की टेम्पो प्रकल्पाच्या हद्दीबाहेर आहे. पाहुणीने हा मुद्दा समाधानाने टिपून घेतला. निधी मंजूर झाला आणि राज्यातल्या इतर बेकऱ्यांत अशीच घट घडवण्याची क्षमता बांधण्यासाठी राखून ठेवला गेला.

बेकरी उघडल्यास घट उलटेल, सबब ती दहा वर्षे उघडू नये, असा आदेश निघाला. टंकन अंकुशने केले. सहीच्या जागी साहेबांचे नाव टंकताना त्याचा हात थांबला. मैत्रीची फी त्याला आठवली आणि हात पुन्हा चालू लागला. खलील आता तुर्भ्याच्या एका गोदामात खोकी भरतो. फातिमा परत आली आहे. अंकुश समोर दिसला तर ती पदर सारखा करते आणि पुढे निघून जाते.

घटीची प्रमाणपत्रे परदेशी बाजारात विकली गेली आणि फिरत फिरत एका विमान कंपनीकडे आली. गेल्या सुटीत तुम्ही तिकीट काढलेत तेव्हा शेवटी एक हिरवी चौकट आली होती: 'माझ्या प्रवासाचा धूर भरून काढा, फक्त एकोणपन्नास रुपये.' तुम्ही क्षणभरही विचार न करता टिचकी मारलीत आणि मुलांना बोलावून ती दाखवलीतही. नंतर विमानात खिडकीपाशी तुम्हाला फार छान झोप लागली.