लाइनवाले तात्या

बोरीत कुणाच्या बांधावर हिरवळीत एखादा पट्टा पिवळा पडला, की आमचे चुलते सखातात्या तिथं गुडघे टेकून बसायचे. गवत उपटायचे, माती चोळायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, "लाइनीतल्या गॅसला वास नसतो राव. आदी गवत मरतं."

आता आमच्या बोरी बुद्रुकात गॅसची लाइन कुठली? होती ती उपशाची, नदीचं पाणी शेतात आणणारी. पण तात्यांची अख्खी नोकरी खाडीकडं गॅसच्या पाइपलाइनीवर चालण्यात गेलेली. रोज पायी जायचं, लाइनीवर कुणी खणतंय का, झाड लावतंय का, घर बांधतंय का ते बघायचं आणि साहेबाला कळवायचं. सरकारी नियमच तसा. रिटायर होऊन दोन हजार तीनला गावी आले, ते नियम बरोबर घेऊनच.

आल्या आल्या त्यांनी उपशाच्या लाइनीवर पिवळे दगड पुरले. शेजारच्या लग्नात मांडवाची मेढ रोवताना खड्ड्यात टेप घातली. "फुटाच्या खाली जायचं न्हाई!" बायकांचं गाणं थांबलं, भटजी घड्याळ बघायला लागले.

मी लाइनीवर गोठा बांधायला काढला. जोत्याचा पहिला थर बसतोय तोच तात्या हजर.

"काढ हे."

"अहो, पाण्याची लाइन ती! काय स्फोट होणाराय?"

"लाइन ती लाइन. काढ म्हंतो ना."

गवंड्यासमोर, सासऱ्यांसमोर! माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, "तात्या, नोकरी संपली तुमची. लोक हसतात तुम्हाला."

तात्या जोत्यावर टेकले. सांगायला लागले.

"तिकडं लाइनीवर एक झोपडी व्हती. ताडपत्रीची. कळवायला पायजे व्हतं. पन ती बाई रोज च्या द्यायची, तिची पोरगी मला मामा म्हनायची. म्हनलं, कशाला गरिबाचं मन मोडा? गप ऱ्हायलो. सायबाला न्हाई, त्यांनाबी न्हाई सांगितलं. मंग त्यांनी डोरलं मोडून तितंच इटांचं घर बांधलं. वास्तूला जेवलो मी. म्होरल्या म्हैन्यात तपासनी आली. घर पाडलं."

"मग?"

"बाई रडली न्हाई. मला म्हनली, भाऊ, तुमाला ठावं व्हतं ना? ताडपत्री व्हती तवाच सांगायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोठा मी दहा फूट सरकवला. पण दुसऱ्या दिवसापासून तात्या लाइनीवर दिसेनात. बोलवायला गेलो, तर बूट घालून ओट्यावर बसलेले.

"चला तात्या."

"नगं. लोक हसत्यात."

लोक कुठं हसत होते? कुरकुरायचे, पण मेढ फुटावरच रोवायचे. हसायचो मी, आणि खापर फोडलं लोकांवर. एवढंच त्यांना सांगायचं होतं. जीभ रेटली नाही. उद्या सांगू, परवा सांगू करत राहिलो. पोळ्याच्या आधी तात्या गेले.