स्पंजचं झाड

सादरीकरणाला निघायची घाई, आणि नेमकी तेव्हाच पट्टीच्या हातून गोंदाची बाटली कलंडली. पट्टी हा नगररचना खात्यातला प्लॅनर. लहानपणापासून खिशात मोजपट्टी बाळगायचा म्हणून घरी हे नाव पडलं, ते त्याच्या मागोमाग ऑफिसातही पोचलं. गोंद सांडला तो जुन्या बाजारपेठेच्या नव्या मॉडेलवर, आणि त्यातही अण्णांच्या दुकानावर.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. छत्र्या दुरुस्त करायचे. बाजारपेठ पाडून तिथे वर घरं, खाली दुकानं, छतावर सौर पॅनेल असं सगळं उभं राहणार होतं. पट्टीनं त्यांना शब्द दिला होता, "अण्णा, तुमचं दुकान जिथल्या तिथं राहील." आता तिथे पुठ्ठ्याचा लगदा झाला होता. त्यानं स्वयंपाकघरातला भांडी घासायचा हिरवा स्पंज कापला आणि झाड म्हणून लगद्यावर चिकटवून टाकला. दुकान नंतर नवं करू म्हणाला. तिथेच बिचारा फसला.

सादरीकरणात मोठे साहेब मॉडेलभोवती फिरत फिरत नेमके तिथे थांबले. "हे झाड कुणाच्या डोक्यातून आलं?"

"माझ्याच, पण साहेब, ते..."

"बाजारपेठेला श्वास घ्यायला जागा दिलीत तुम्ही."

आर्किटेक्ट बाईंनी लगेच झाडाभोवती गोल कट्टा सुचवला. बिल्डरनं बाकं देऊ केली. पट्टी घाईघाईनं म्हणाला, "साहेब, ते झाड जरा बाजूला सरकवता येईल."

"सरकवायचं? आराखड्यातल्या झाडाला हात लावायचा नाही, हा नियम कुणी घुसवला? वर्षभर आमचं डोकं कुणी खाल्लं?"

त्यानंच खाल्लं होतं. 'गोंद सांडला' एवढंच म्हणायचं होतं. पण सगळे इतक्या कौतुकानं बघत होते की त्यानं नुसती मान डोलावली. त्या गप्प बसण्याचा त्याला पुढे फार पस्तावा झाला.

मॉडेल लोकांना बघायला ठेवलं तेव्हा अण्णा चष्मा पुसत आले.

"आपलं दुकान कुठंय रे?"

"तिथंच, अण्णा. झाडाखाली."

"म्हणजे सावलीत?"

"म्हणजे... झाडाच्या जागी."

मग त्यानं गोंदापासून नियमापर्यंत सगळं सांगितलं. अण्णांनी वाकून झाडाला बोट लावून पाहिलं.

"हा आपला भांड्यांचा स्पंज ना? तरीच तुझी आई घरभर शोधत होती."

एवढंच बोलून ते घरी गेले. चार शिव्या घातल्या असत्या तर पट्टीला बरं वाटलं असतं.

दुकान गेलं. इमारती झाल्या, कट्टा झाला. मॉडेलमध्ये तिसऱ्या मजल्याला टेकलेलं झाड प्रत्यक्षात लावलं तेव्हा गुडघ्याएवढं निघालं. उन्हाचं त्या कट्ट्यावर कुणी फिरकायचं नाही. अण्णा मात्र रोज जाऊन बसायचे, दुकानातली उरलेली काळी छत्री घेऊन.

एकदा भर दुपारी पट्टी तिथे गेला. ऊन मी म्हणत होतं. अण्णा घामानं भिजले होते आणि छत्री रोपावर धरलेली होती.

"अण्णा, छत्री डोक्यावर घ्या की."

"कोवळं आहे रे, सोसत नाही त्याला."

पट्टीनं छत्रीचा दांडा आपल्या हातात घेतला आणि शेजारी टेकला.

"नीट धर," अण्णा म्हणाले. "हे वाळलं तर तू परत घरातला स्पंज कापशील."