कपाटातल्या इंदूअक्का

आमच्या खालच्या मजल्यावरच्या इंदूअक्का रोज सकाळी नवऱ्याला डबा देऊन कामावर धाडतात, केसांना चाप लावतात आणि बेडरूममधल्या सागवानी कपाटात जाऊन बसतात. साडेबाराला घामाघूम होऊन बाहेर येतात. हे त्यांचं ऑफिस.

बंगळूरच्या बनशंकरीत नवीन राहायला आलो तेव्हा हे ऐकून मला वाटलं, घरात भांडणं असावीत. तसं काही नव्हतं. अक्का घरबसल्या आवाज देण्याची कामं घेतात. एखाद्या कंपनीला फोन लावला की 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणून आपल्याला ताटकळत ठेवणाऱ्या ज्या बायका असतात, त्यांतल्या त्या एक. स्टुडिओ लांब आणि घरी म्हाताऱ्या सासूबाई, म्हणून मग कपाट. खालच्या फळ्या काढून तिथे बसायला पाट टाकलाय. सभोवती लग्नातल्या रेशमी साड्या आणि दोन गोधड्या. बाहेरचा आवाज आत येत नाही, निदान येऊ नये अशी अपेक्षा.

अक्कांच्या मराठी दोन आहेत. पुण्यातल्या माझ्या मावशीनं एकदा फोनवर त्यांचा आवाज ऐकला आणि छातीठोकपणे सांगितलं, "ही बाई आपल्या पेठेतलीच." प्रत्यक्षात अक्कांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडे आलं आणि परत जायचं राहून गेलं. कपाटाबाहेर, माझ्याशी बोलताना, त्यांची मराठी अशी: "अण्णा, मिक्सर स्वल्प नंतर लावा की हो! इकडं गोष्टीतली राजकन्या मरायलीय आणि वर तुमची चटणी!"

अख्ख्या बिल्डिंगला त्यांनी शिस्त लावली. कुकरच्या शिट्ट्या नऊच्या आत. ड्रिलिंग फक्त रविवारी. शहाळेवाल्यानं हाक मारायची ती कोपऱ्यावरून. आम्ही सगळे निमूटपणे 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', म्हणत वळणावर आलो. वळणावर आल्या नाहीत त्या एकट्या सासूबाई. अक्का त्यांना आत्ती म्हणतात, म्हणून आम्हीही आत्तीच म्हणतो.

तेव्हा रेकॉर्डिंगला बसताना अक्का कपाटाच्या मुठीला लाल नॅपकिन अडकवायच्या आणि दार आतून ओढून घ्यायच्या. म्हणजे आता कोणी हाक मारायची नाही. आत्तींचं वय त्र्याऐंशी आणि वाळलेलं कापड लोंबत ठेवू नये हा त्यांचा धर्म. त्या नॅपकिन काढायच्या, त्याची चौकोनी घडी घालायच्या, घडी खाटेवर ठेवायच्या आणि मग कपाटाचं दार वाजवायच्या. "इंदू, आत काय करायलीस ग? चहा गार झाला." त्यावर अक्कांचा "आत्ती, स्वल्प गप्प!" हा टाहो वर आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. साडेदहा वाजले हे माझ्या बायकोला त्यावरून कळायचं.

गेल्या वर्षी अक्कांना मोठं काम मिळालं. मुलांसाठी चाळीस गोष्टी वाचायच्या. नमुन्यादाखल पाठवलेली गोष्ट कंपनीला पसंत पडली होती. हे नीट जमलं तर पुढची पुस्तकंही त्यांनाच मिळणार होती. 'कृपया प्रतीक्षा करा'तून सुटका होणार होती. पण आत्तींमुळे आठवड्यात दोनच गोष्टी झाल्या. शेवटी घरात ठरलं, आत्तींना महिनाभर शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला धाकट्या मुलाकडे ठेवायचं. आत्तींनी कुरकुर केली नाही. सहा लुगडी घड्या घालून पिशवीत भरली आणि गाडीत बसताना मला म्हणाल्या, "इंदूची परीक्षा हाय म्हणे."

मग घर शांत झालं. नॅपकिन दिवसभर लोंबायला लागला. दहा दिवसांत अक्कांनी वीस गोष्टी उरकल्या. साडेदहा कधी वाजतात हे आमच्या घरात कोणाला कळेना.

अकराव्या दिवशी अक्का वर आल्या. तक्रार न घेता आल्या, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. कंपनीचं पत्र आलं होतं. आवाज अगदी स्वच्छ आहे, पण गोष्ट सांगताय असं वाटत नाही, सूचना वाचताय असं वाटतं. नमुन्यासारखं जमत नसेल तर दुसरा आवाज बघावा लागेल.

"माइक बिघडलाय काय की," अक्का म्हणाल्या. "तुम्ही कंप्युटरवाले, स्वल्प बघा की हो."

मी जाऊन पाहिलं. माइक ठणठणीत होता. लॅपटॉपवर 'खराब' नावाचं एक फोल्डर दिसलं. बिघाड तिथेच सापडेल म्हणून त्यातली पहिली फाइल लावली.

"कोल्ह्यानं विहिरीत वाकून पाहिलं..." अक्कांचा आवाज. मग टकटक.

"मग? पडला काय?"

"आत्ती, गप्प!"

"पडला की नाही, तेवढं सांग ग."

मग अक्का म्हणाल्या, "नाही पडला. पुढं ऐका." आणि त्यानंतरचा कोल्हा असा काही पळाला की मीसुद्धा खुर्चीत पुढे सरकलो. अशा शंभरेक फाइली होत्या. कोल्हा-आत्ती, राक्षस-आत्ती, चहा-आत्ती.

"ह्या पुसल्या नाहीत?"

"पुसवत नाही हो." अक्का कपाटाकडे बघत म्हणाल्या. "रोज एक लावते. घर खायला उठतंय, अण्णा. मीच धाडलं त्यांना, आणि त्या एक शब्द बोलल्या नाहीत." मी उगाच माइकची वायर काढून परत लावली.

दुसऱ्याच दिवशी अक्का स्वतः के. आर. पुरमला जाऊन आत्तींना घेऊन आल्या. वीसच्या वीस गोष्टी पुन्हा वाचल्या. आता कपाटाचं दार अर्धं उघडं असतं. समोर वेताची खुर्ची, खुर्चीत आत्ती, मांडीवर घडी घातलेला लाल नॅपकिन. आत्ती मध्ये बोलल्या की अक्का तेवढा तुकडा नंतर कापतात आणि 'खराब'मध्ये जपून ठेवतात. कंपनीनं चाळीसही गोष्टी घेतल्या, आता दुसरं पुस्तक चालू आहे.

परवा वाटी परत द्यायला खाली गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. खुर्चीत आत्तींचा डोळा लागला होता. अक्का कपाटात पुस्तक मिटून बसल्या होत्या. आत्ती घरात असताना इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती. म्हटलं, "अक्का, बरी वेळ सापडलीय. उरकून घ्या की."

अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं. "स्वल्प गप्प," त्या कुजबुजल्या.

माइक बंद होता.