डोळा शार्प पाह्यजे

आमच्या सिंदेवाहीकडच्या गावात वधूवर हार घालायला उभे राहिले की फोटोग्राफर मांडवामागे सापडतो. रुषीभाऊ तिथे मातीत पालथे पडून, उष्ट्या पत्रावळींकडे धावणाऱ्या कुत्र्यांचे फोटो काढत असतात. एकदा नवरीच्या बापाने शेजारी म्हणून मलाच झापलं. मी त्यांना ओढायला गेलो, तर म्हणाले, "नवरदेव कुठी पळून राह्यला, गुरुजी? कुत्रं पळून राह्यलं."

कुत्रं समोरून, पूर्ण वेगात यायला हवं आणि फोटोत त्याचा डोळा स्वच्छ दिसायला हवा, एवढाच हट्ट. "डोळा शार्प पाह्यजे. शेपूट हालली तं हालू द्या." त्यासाठी ते खिशात सुकी मासोळी ठेवतात. त्यामुळे गावातली निम्मी कुत्री त्यांच्या मागे असतात आणि समोरून एकही येत नाही. मी शाळेवर नवा बदलून आलो होतो, पोट धरून हसायचो. आता त्याची लाज वाटते.

एकदा त्यांच्या घरी भिंतीवर एक फोटो दिसला. अंगणात शिरणारा नुसता पिवळा फराटा. "हा हुकलेला फोटो कशाला लावलात?" मी विचारलं.

"हा आमचा भुऱ्या. शांतीसंगं मोहाले गेला होता."

शांती म्हणजे त्यांची बायको. मोहफुलं वेचायला जाताना बाया कुत्रं सोबत नेतात. जनावराचा वास त्याला आधी लागतो.

"एकटाच पळत वापस आला. म्या नवा कॅमेरा घेतला होता. फोटो काढला, हालला. मंग त्याले हाकललं, पुन्हा पळत ये म्हणलं. तीनदा पळवलं, गुरुजी. तो भुकून राह्यला, मी बटन दाबून राह्यलो."

त्या दिवशी दुपारी गाव रानात गेलं. वाघाने शांतीबाईंचं फारसं काही ठेवलं नव्हतं.

"त्याचा डोळा दिसला असता तं समजलं असतं मले," रुषीभाऊ म्हणाले.

यंदा मोह गळायला लागला. एका सकाळी आम्ही टपरीवर चहा पीत होतो. रानाकडून आमच्या आळीतल्या शेवंताबाईंचं कुत्रं सुसाट, अगदी समोरून आलं. तोंडावर कोवळं ऊन. मी ओरडलो, "काढा, भाऊ!"

रुषीभाऊंनी कॅमेरा माझ्या हातात कोंबला आणि अनवाणीच रानाकडे धावत सुटले. "बाई! ओ शेवंताबाई!"

आम्ही काठ्या घेऊन मागे पळालो. शेवंताबाई झाडाखाली निवांत फुलं वेचत होत्या. कुत्रं भुकेनं घरी पळालं होतं, एवढंच.

"काय झालं, भाऊ?"

"काई नाई, बाई. येचा तुम्ही."

ते धापा टाकत तिथेच बसले. शेवंताबाईंची टोपली भरेपर्यंत उठले नाहीत.