नाडीने पृथ्वी मोजल्याची हकीकत

श्रीगुरुत्वाय नमः. जे वर गेले ते खाली आणणारे, राजा आणि रंक एकाच वेगाने पाडणारे, त्यास प्रथम वंदन असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख मासी, आरोग्यदेशी जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे.

पदार्थविज्ञान म्हणजे थोर शास्त्र. सूर्य जोखिला, चंद्रास दोरी नसता बांधिले, ऐसा त्याचा पराक्रम. ते ज्यास साध्य जाहले त्यास विश्वाचे गूढ उकलते, ऐसे वडील सांगत आले. आरोग्यदेशी ते उकलण्यास शंभरात चाळीस गुण लागत. त्या मुलखीची प्रजा फिजिओथेरपीची, लोकांची कंबर आणि गुडघे ताळ्यावर आणावे हा त्यांचा धर्म. परंतु राज्याचा हुकूम ऐसा की पहिल्या वर्षी पदार्थविज्ञानाचा घाट चढावा आणि मगच पांढरा डगला घालून इस्पितळात पाऊल टाकावे, आणि घाटात जो राहिला तो वर्षभर घाटातच राहिला. प्रजेस लढाईचा एकच प्रकार ठाऊक, तो पाठांतर. हाडे सगळी पाठ, कोणता स्नायू कोठे उगम पावतो आणि कोठे जोडला जातो तेही पाठ, मग न्यूटनाचे नियम चालून आले तेव्हा कित्येकांनी पुसिले, "सर, बलाचा उगम कोठे आणि जोड कोठे?" तेव्हा त्या विषयाचे सुभेदार वझे सर, त्यांनी खडूच खाली ठेविला. प्रयोगशाळेत भिंतीवर एक घड्याळ होते, समस्त प्रजा त्याचे दर्शन घेई, परंतु ते सुटका केव्हा होणार इतक्याच भक्तीने.

त्या प्रजेत शाल्मली मयेकर म्हणून घाटाखालची एक कन्या होती. तिच्या मामीने डगला आधीच शिवून, इस्त्री करून कपाटास टांगिला होता आणि गावात दाखविलाही होता, सबब माघारीची वाट उरली नव्हती. मग प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस उगवला, आणि मोबाईल व मनगटी घड्याळे दारात ठेवून प्रजा आत गेली, आणि शाल्मलीस लंबक आला. दोरीस गोळा बांधावा, झोके मोजावे, आणि पृथ्वी किती जोराने ओढते ते काढावे. येथे त्या देशीची पुरातन चाल सांगितली पाहिजे: उत्तर नऊ पूर्णांक आठ हे सर्वांस ठाऊक, ते आधी लिहावे आणि मग उलट्या पावली येत येत झोक्यांचे आकडे जमवावे. परंतु परमुलखाहून आलेल्या परीक्षक खासनीस मॅडम या चालीस ओळखून होत्या. त्यांनी हुकूम केला की आकड्यांवर आधी माझी सही, गणित नंतर.

शाल्मलीने स्टॉपवॉचची कळ दाबिली. ते निश्चल. पुन्हा दाबिली, हलविले, फुंकर मारिली. सेल स्वर्गवासी जाहला होता. सांगावे तर उपकरण मोडल्याचा आळ यायचा. मग तिला कुळधर्म आठवला. तिने डाव्या मनगटावर तीन बोटे ठेविली आणि झोके व ठोके संगेच मोजिले. वीस झोक्यांस ठोके बहात्तर भरले. पुस्तकात निरोगी माणसाची नाडी मिनिटास बहात्तर, म्हणजे अवघे मिनिट. ऐसा सुबक आकडा पाहून तिला गहिवर आला, आणि मॅडमची सही जाहली. मग गणित केले तो उत्तर चार पूर्णांक चार.

शेजारच्या टेबलावरून तौसिफ मुकादमाने डोकाविले. "मयेकर, तुझ्या टेबलाखाली दुसरा ग्रह आहे काय?"

"गप रे."

"नऊ पूर्णांक आठ लिही नि सूट."

"सही झालीय."

"मग तो डगला मामीलाच घालू दे."

इतक्यात मॅडमची स्वारी येऊन उभी राहिली. त्यांनी उत्तर पाहिले, स्टॉपवॉच पाहिले, आणि कन्येचे मनगटही पाहिले. "कुठली गं तू?"

"घाटाखालची, मॅडम."

"तिकडे नारळ पडतात ना? सावकाश पडतात?"

"मामाच्या डोक्यात पडला होता. सावकाश नव्हता."

"मग खोटं कोण बोलतंय? पृथ्वी, लंबक की आणखी कोणी?"

शाल्मलीने लंबकाकडे पाहिले. तो कोणाची भीड न धरता जात होता आणि येत होता. मामाच्या टाळूस पृथ्वी खरी ठरली होती, आणि दोरी मीटरभर, ती तिने स्वतः मोजिली होती. तर झोका दोन सेकंदांचा, आणि वीस झोके चाळीसच सेकंदांचे. आणि चाळीस सेकंदांत बहात्तर ठोके, म्हणजे मिनिटास... नारळ पाडणारे जे, चंद्रास धरून ठेवणारे जे, तेच या दोरीतून उतरून तिच्या मनगटातले भय मोजून गेले होते, आणि चुकले नव्हते. वर्षभर जे पाठ केले ते पहिल्यानेच तिच्याकडे वळून पाहते आहे, ऐसे तिला वाटले.

"पृथ्वी बरोबर आहे, मॅडम," ती हळूच बोलिली. "मी घाबरलेय. एकशे आठ."

मॅडमनी तिचे मनगट धरिले, मान वर केली, पाव मिनिट ओठ हलविले. "सत्तावीस. एकशे आठच." आणि मग त्या कन्येचा हात सोडावयाचे विसरल्या. तौसिफही आपला प्रयोग टाकून पाहत राहिला.

येणेप्रमाणे पृथ्वी, लंबक आणि नाडी तिन्ही खरी ठरली, शाल्मलीस बरोब्बर चाळीस पडले आणि डगला कपाटातून निघाला. आणखी पाच पडावयाचे ते कापिले गेले. मॅडमनी नाडी ज्या घड्याळावर मोजिली ते शाल्मलीच्या डोक्यावर भिंतीस वर्षभर टांगलेले होते, आणि त्यास सेकंदकाटा होता.